दिवस गेलेत आणि पोटात दुखतंय

गरोदरपणात पोटात एकदाही दुखलं नाही अशी बाई सापडणं कठीण. कुणाला पाळी चुकल्याच्या आठवड्यातच ओटीपोटात ओढल्यासारखं होतं, कुणाला पाचव्या महिन्यात शिंकताना जांघेत कळ जाते, कुणाचं आठव्या महिन्यात संध्याकाळी पोट एकदम कडक होतं आणि मिनिटभराने सैल पडतं. यातलं बहुतेक दुखणं निरुपद्रवी असतं. पण गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, वाढलेला रक्तदाब, दिवस भरण्याआधी सुरू झालेल्या कळा यांची सुरुवातही पोटदुखीनेच होऊ शकते आणि पहिल्या तासांत ती तितकीच साधी वाटते. घरात विचारावं तर दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘एवढं तेवढं दुखायचंच, आम्ही नाही का काढलं?’ आणि दुसरं, ‘अगं बाई, आडवी हो, आता हलू नकोस!’ पहिल्या उत्तरामुळे बाई दवाखान्यात उशिरा पोचते. दुसऱ्यामुळे ती नऊ महिने धास्तीत काढते.

दुखणं किती जोराचं आहे, एवढ्यावरून ते साधं की धोक्याचं हे कळत नाही. शिंकेसरशी जांघेत गेलेली कळ डोळ्यांत पाणी आणते, तरी तिच्यात काही वाईट नसतं. उलट मुदतीआधीच्या प्रसूतीची सुरुवात कित्येकींना नुसती कंबर भरून आल्यासारखी वाटते. म्हणून चार गोष्टी बघायच्या. कितवा आठवडा चालू आहे, नेमकं कुठे दुखतंय, दुखणं येतं-जातं की सतत आहे, आणि त्याच्या सोबत आणखी काय होतंय. यातली शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, चक्कर, डोकेदुखी, बाळाची कमी झालेली हालचाल यांपैकी काहीही सोबत असेल, तर पोटातलं दुखणं कितीही किरकोळ वाटो, थांबायचं नाही.

आठवड्यांचा हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात आणि ४० आठवडे म्हणजे २८० दिवस मोजतात. आपल्याकडे ‘सातवा लागला’ असं सांगायची रीत आहे, पण त्यात २७ आठवडेही असू शकतात आणि ३० सुद्धा. कळा सुरू झालेल्या बाईच्या बाबतीत या तीन आठवड्यांचा फरक बाळासाठी फार मोठा असतो. डॉक्टर काय करायचं ते आठवड्यांवर ठरवतात. म्हणून पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीत निघालेली तारीख स्वतःच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

पहिले तीन महिने

या काळात पाळी येणार असल्यासारखं ओटीपोटात जड वाटतं, अधूनमधून बारीक कळ येते. गर्भाशय वाढू लागलेलं असतं, तिकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. शिवाय प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे गॅस आणि बद्धकोष्ठ होऊन पोटात मुरडा येतो. दुखणं सौम्य असेल, दोन्ही बाजूंना किंवा मधोमध असेल, विश्रांतीने उतरत असेल आणि अंगावरून लाल जात नसेल, तर पुढच्या तपासणीत सांगितलं तरी चालतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीला माहीत असायलाच हवी. घरी केलेल्या लघवीच्या चाचणीत दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ राहिला एवढंच कळतं. तो गर्भाशयात राहिलाय की बाहेर, हे कळत नाही. गर्भवाहिनी नळीत रुजलेला गर्भ साधारण दर १०० गर्भधारणांत एक-दोन वेळा आढळतो. पाळी चुकल्यानंतरच्या काही आठवड्यांत तो नळी ताणतो आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. बाहेर दिसणारं रक्त थोडंसंच, काळपट असतं, त्यामुळे घरच्यांना अंदाज येत नाही. ओटीपोटात एका बाजूला खुपणारं दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, शौचाला लागल्यासारखी सतत भावना, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. खांदा दुखण्याचा पोटाशी काय संबंध, असं वाटेल. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि तिथल्या चेतातंतूंमुळे दुखणं खांद्यात जाणवतं. अशा वेळी तास-दोन तास वाट बघणंही जिवावर बेतू शकतं. जिच्या नळीत आधी असा गर्भ राहिला होता, ओटीपोटाचा जंतुसंसर्ग किंवा गर्भाशयाच्या भागातला क्षय होऊन गेला आहे, कॉपर-टी बसवलेली असताना किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होऊनही जिला दिवस गेले आहेत, तिने चाचणीत दोन रेघा आल्याबरोबर सोनोग्राफीसाठी जावं.

याच कारणासाठी मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणं मला फार धोक्याचं वाटतं. नळीतल्या गर्भावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. उलट गोळ्यांमुळे पोटात दुखणारच, रक्त जाणारच, असं गृहीत धरून नळी फुटल्याची खूण बाई घरीच सोसत बसते. मूल नको असेल तर कायद्याने तो मार्ग खुला आहे आणि सरकारी रुग्णालयातही सोय आहे. फक्त आधी तपासणी व्हायला हवी.

कळांसोबत लाल रक्त, गाठी पडू लागल्या तर तो गर्भपात असू शकतो. गर्भधारणा कळलेल्या दर दहांपैकी एकीच्या किंवा दोघींच्या बाबतीत असं घडतं आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याचं सगळ्यांत मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असतं. तुम्ही पपई खाल्ली, जिना चढलात, स्कूटरवर बसलात, रागावलात म्हणून ते झालेलं नसतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा वेळी बाईला विश्रांती आणि माया मिळायच्या ऐवजी चौकशीच जास्त मिळते. थोडं रक्त जाऊनही गर्भ सुखरूप राहिल्याची कितीतरी उदाहरणं असतात, पण ते सोनोग्राफीशिवाय सांगता येत नाही. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त गेल्याचं डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. अँटी-डी हे इंजेक्शन लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

मधले महिने

चौथ्या महिन्यापासून उलट्या कमी होतात, अन्न गोड लागू लागतं. नेमकं तेव्हाच एक नवं दुखणं सुरू होतं. बिछान्यात कूस बदलताना, खुर्चीवरून झटकन उठताना, खोकताना जांघेपासून ओटीपोटाच्या कडेपर्यंत टोचल्यासारखी कळ जाते. बहुधा उजव्या बाजूला जास्त. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध जांघेपर्यंत उतरलेले असतात. गर्भाशय वाढतं तसे ते ताणले जातात आणि अचानक हालचाल झाली की आचका बसतो. ही कळ काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत जाते. उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्या, शिंक येतेय असं वाटलं तर कमरेत थोडं वाका, गुडघे पोटाकडे घ्या. पोटाखाली मऊ उशी ठेवून कुशीवर झोपल्याने बराच आराम पडतो.

ही कळ म्हणायची ती हालचालीसोबतच येणारी. काही न करता येऊन तासन्‌तास टिकणारं उजवीकडचं दुखणं, त्यासोबत ताप आणि भूक मेलेली, तर ते आंत्रपुच्छाचं (अपेंडिक्सचं) दुखणं असू शकतं. गरोदरपणात तेही होतं.

लघवीच्या जंतुसंसर्गाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. गर्भाशयाच्या दाबामुळे आणि संप्रेरकांमुळे या दिवसांत लघवी नीट निचरत नाही, त्यामुळे जंतू सहज वाढतात. कधी जळजळ होते, ओटीपोटात कळ येते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. कधी काहीच जाणवत नाही, म्हणूनच पहिल्या तपासणीत लघवीची तपासणी करतात. दुर्लक्ष झालं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो, थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगडीखाली दुखतं आणि त्यातून मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात. आता खरी अडचण अशी, की शेतात, बाजारात, बांधकामावर, एसटीच्या लांबच्या प्रवासात बायकांना जायला जागाच नसते. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. पोटात बाळ असताना हे करू नका. दुपारच्या कामाच्या ठिकाणी सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, घरातल्यांना ते बघायला लावा, आणि लघवी तुंबवून ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की गर्भाशयही आकसू लागतं. अशी कळ कित्येकदा सावलीत बसून दोन पेले पाणी प्यायल्यावर थांबते.

‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, वर पोटात दाटल्यासारखं वाटणं हे सहाव्या-सातव्या महिन्यानंतर जवळपास घरोघरी ऐकू येतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो आणि वाढलेलं गर्भाशय जठर वर ढकलतं. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं, रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावं, डोक्याकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपावं. खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय सोडा. त्यातून सोडियम फार जातं. जळजळीवरची औषधं गरोदरपणातही देता येतात, ती डॉक्टरांकडून घ्या.

पण विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बाजूला बरगडीखाली किंवा छातीच्या खळीत दुखत असेल, तर ‘पित्त झालंय’ असं म्हणून गप्प बसू नका. गरोदरपणात रक्तदाब वाढून यकृतावर ताण आला की अगदी असंच दुखतं, मळमळतं, उलटी होते. सोबत डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं, चेहरा आणि हात एकाएकी सुजतात. अंगठी बोटात रुतू लागते. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक असेल तर तो वाढलेला समजतात. हा आजार आईला झटके येण्यापर्यंत आणि बाळाची वाढ खुंटण्यापर्यंत जातो. त्याची ओळख पटायला रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची साधी तपासणी पुरते, आणि या दोन्ही सोयी उपकेंद्रातही असतात. पहिलं बाळंतपण, जुळी, आधीचा रक्तदाब किंवा मधुमेह, आधीच्या खेपेला हाच त्रास, अशा बायकांनी जास्तच सावध राहावं. पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी डॉक्टर काहींना अॅस्पिरिनची छोटी मात्रा सुरू करतात, ती मनाने बंद करू नका. बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असंही नाही. पुढच्या सहा आठवड्यांतही असं डोकं दुखलं तर ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून कान बांधून बसण्याआधी रक्तदाब मोजून घ्या.

पायांवरची साधी सूज दिवसभर उभं राहिल्याने येते आणि रात्रीच्या झोपेनंतर उतरते. तिच्यासाठी मीठ तोडण्याची किंवा पाणी कमी पिण्याची गरज नाही.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा

गर्भाशय हा स्नायू आहे, तो अधूनमधून आवळतोच. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७२ मध्ये या आवळण्याचं वर्णन केलं, म्हणून रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या तोंडी त्यांचं नाव येतं. आपल्या बायका या आवळण्याला खोट्या कळा म्हणतात. पोट पुढून कडक होतं, तीस सेकंद ते मिनिटभर तसं राहतं, मग सैल पडतं. वेळ ठरलेली नसते. फार चालणं झालं, पाणी कमी पडलं, लघवी तुंबली, शरीरसंबंध झाला की जास्त जाणवतात. जागा बदलली, पाणी प्यालं, कुशीवर पडलं की ओसरतात.

खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, आणि बोलता बोलता थांबून श्वास घ्यावा लागतो. घड्याळ घेऊन बसा आणि एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंत वेळ मोजा. दिवस भरलेले असतील, पहिली खेप असेल आणि दवाखाना जवळ असेल तर तासभर दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ येऊ लागल्यावर निघालं तरी चालतं. दुसरी-तिसरी खेप असेल, आधी सिझर झालेलं असेल किंवा दवाखान्याला घाट उतरून जायचं असेल तर इतकं थांबू नका.

सगळं बदलतं ते ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी. तेव्हा तासाभरात चार-पाच वेळा पोट कडक झालं आणि पाणी पिऊन, आडवं होऊनही ते थांबलं नाही, तर मोजत बसायचं नाही. कंबर ठणकत राहणं, खाली ओटीपोटात जडपणा, मांड्यांत ओढ, पाण्यासारखा किंवा गुलाबी चिकट स्राव, जुलाबासारखा मुरडा ही सगळी मुदतीआधीच्या प्रसूतीचीच रूपं. वेळेवर पोचल्याने काय साधतं, हे घरच्यांना सांगायला हवं. ३४ आठवड्यांच्या आत बाळ येण्याची शक्यता असेल तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसं जन्मानंतर श्वास घ्यायला तयार होतात. पण इंजेक्शनांचा पुरता फायदा व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि तो दिवस घरी ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणण्यात गेला तर परत मिळत नाही. शिवाय नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात बाळ पोटात असतानाच पोचणं, जन्मल्यावर त्याला गाडीत घालून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

पोट कडक झालं आणि सैलच पडेना, सतत दुखतंय, मग रक्त दिसो वा न दिसो, ताबडतोब निघा. वार वेळेआधी सुटत असण्याची ती खूण आहे आणि रक्त आतच साचून राहिलेलं असू शकतं. उलट न दुखता लालभडक रक्त गेलं तर वार खाली असू शकते. तेही तितकंच तातडीचं. पडल्यावर, गाडीचा हिसका बसल्यावर, पोटावर मार लागल्यावर दुखत नसलं तरी तपासून घ्यावं. मार घरातल्याच कुणी दिला असेल तर तेही डॉक्टरांना किंवा सिस्टरना एकटीने सांगा, उपचार ठरवायला ते कळावं लागतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

पोटरीतला गोळा

रात्री गाढ झोपेत पोटरीत गोळा येतो, बाई ओरडून उठते. कुठे याला वांब म्हणतात, कुठे पेटका. पाचव्या महिन्यानंतर हे फार आढळतं. नेमकं कारण अजून निश्चित झालेलं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी गोळे थांबतातच असा पुरावा नाही. उपाय साधा आहे. पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढायची, टाच पुढे ढकलायची. बोटं ताणून पुढे केली तर गोळा आणखी घट्ट होतो. सुटल्यावर थोडं चालावं, गरम पाण्याचा शेक घ्यावा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी दोन-चार वेळा ताणून घेतली तर बऱ्याच जणींना रात्र शांत जाते.

कॅल्शियम घ्यायचंच, पण ते वेगळ्या कारणासाठी. सरकारी केंद्रातून चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या, मिळून १ ग्रॅम, देतात, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांत त्याने रक्तदाबाच्या त्रासाचा धोका कमी होतो.

एकच पाय सुजला, पोटरी गरम, लाल झाली, दाबल्यावर दुखते आणि गोळ्यासारखी सुटत नाही, तर त्या पायाला मालीश अजिबात करू नका. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. आपल्याकडे दुखलं की तेलाची वाटी आधी पुढे येते, म्हणून हे घरातल्या मोठ्या बायकांनाही वाचून दाखवा.

बाकीच्या तक्रारी

उलट्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि बहुतेकींच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबतात. उठण्याआधी अंथरुणातच कुरमुरे, लाह्या, कोरडी भाकरी असं काहीतरी चावून खावं, रिकामं पोट ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा. बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइनची गोळी डॉक्टर देतात, ती घ्यायला घाबरू नका. दिवसभरात पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर सलाइन लागू शकतं. तोंड बरं वाटावं म्हणून मिश्री लावण्याची सवय असलेल्या बायका या दिवसांत ती वाढवतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने बाळाचं वजन कमी भरतं.

माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर ते डोहाळे म्हणून पुरवू नका, हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असल्याची ती खूण असते. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दम लागणं, धडधडणं, सतत थकवा हे सगळं गरोदरपणावर ढकललं जातं आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर धावपळ होते. ११ च्या खाली असलं तरी ते कमीच. सरकारी केंद्रातली लाल गोळी किमान १८० दिवस घ्यायची असते. तिने शौच काळी होते, घाबरू नका. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून तिला दोन तास दूर ठेवा, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला घट्ट होत असेल तर गोळी सोडण्यापेक्षा पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके वाढवा, इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या.

पांढरं, पातळ, वास नसलेलं अंगावरून जाणं नेहमीचं. खाज, दुर्गंधी, पिवळा-हिरवा रंग असेल तर उपचार हवा. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल तर खोबरेल लावून भागवू नका. यकृतातल्या पित्तरसाचा त्रास असू शकतो आणि त्याचा बाळाला धोका असतो. रक्ततपासणीने कळतं.

बाळाची हालचाल पहिल्या खेपेला साधारण अठरा ते बावीस आठवड्यांत जाणवू लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर तुमच्या बाळाची रोजची तऱ्हा तुम्हाला कळलेली असते. ती मंदावली असं वाटलं तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच दिवशी जा. दिवस भरत आले की बाळ कमी हलतं, ही समजूत चुकीची आहे.

घरातल्या डब्यातली गोळी

पाळीच्या दिवसांत पोटदुखीवर घेतलेली गोळी पुष्कळ घरांत शिल्लक असते. तिच्यात बहुधा मेफेनॅमिक अॅसिड असतं. ती, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं गरोदरपणात स्वतःहून घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच घेता येते. नववा लागला की कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. त्याने जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. ते घेऊ नका.

निघायची वेळ

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तेव्हा तपासण्या एका गावात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात होतं. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिनचे कागद सोबत न्या आणि पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंकडे आणि दवाखान्यात नाव नोंदवा. ऊसतोडीला टोळीबरोबर जाणाऱ्या बायकांसाठी हे जास्तच गरजेचं. कार्ड गावी पेटीत ठेवू नका. फडावर पोचल्यावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते मुकादमाला विचारा. त्या कार्डावर कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात तपासणी होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. काही आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बाईला तिथे आधीच येऊन राहता येतं, म्हणजे पावसात नदी-नाले ओलांडायची वेळ येत नाही.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. गाडीसाठी १०२, आणि रक्तस्राव, झटका, बेशुद्धी असं काही असेल तर १०८. फोनवर आधी सांगा: किती आठवडे, कितवी खेप, आधी सिझर होतं का, रक्त किंवा पाणी गेलं का, किती वाजल्यापासून, बाळ हलतंय का. ठिकाण सांगताना रस्त्यावरून दिसणारी खूण सांगा आणि एक माणूस फाट्यावर उभा करा.

दवाखान्यात तपासून घरी पाठवलं, तर निघताना दोन प्रश्न विचारून घ्या: काय झालं तर परत यायचं, आणि रात्री आलो तर कुठल्या दारातून, कुणाकडे यायचं. उत्तर कार्डाच्या मागे लिहून घ्या. त्याच रात्री पुन्हा दुखू लागलं तर ‘आत्ताच तर दाखवून आलो’ असं म्हणत थांबू नका, तेच कार्ड घेऊन पुन्हा जा.